आधी कुणाचं

हुसेनबीनं दुधाचा थेंब मनगटावर पाडून पाहिला. बेतशीर कोमट झालं होतं. तिनं चुलीतले निखारे मागं ओढले, पातेल्याच्या तोंडाला फडकं बांधलं, दूध पाजायची पितळी बोंडली ओळीनं पालथी मांडली आणि मांडीवर हात ठेवून ती बसून राहिली. पाजायचं कुणाला? छपरात सहा पाळणे टांगले होते आणि सहाच्या सहा रिकामे होते. दोर कोरे, दुपटी कोरी. लेकरांच्या जागेत येणारा तो ओलसर आंबूस वास या छपराला अजून लागलाच नव्हता.

वडगावच्या शिवाराबाहेर दुष्काळी काम निघालं होतं. तळं खणायचं, माती पाट्यांनी काठावर टाकायची, संध्याकाळी दाणे घेऊन जायचं. गादीवर तरुण महाराज येऊन दोन-तीन वर्षंच झाली होती, आणि एवढ्यातच आभाळानं हात आखडला. महाराजांचा हुकूम सुटला, की कामावरच्या माणसांची तान्ही पोरं उन्हात पडायची नाहीत. त्यांना छप्पर, पाळणा, सांभाळायला दाई आणि दोन वेळचं दूध, सगळं दरबाराकडून. हुकमात नाव ठेवायला जागा नव्हती. पण फुकटची गोष्ट म्हटली की शहाणी माणसं आधी तिची उलटी बाजू बघतात, आणि या कामावर सगळी शहाणीच माणसं जमली होती.

छपरापासून हाकेच्या अंतरावर बाभळीची रांग होती. प्रत्येक फांदीला एकेक झोळी लटकलेली. बाभळीची सावली ती काय! ऊन वर चढलं की झोळ्यांवर सरळ यायचं, खणतीची धूळ पोरांच्या डोळ्यांत जायची आणि चिमणाबाई नावाची एक म्हातारी काठीनं एकेका झोळीला झोका देत दिवसभर फिरायची. हुसेनबीला दारातून ते सगळं दिसत होतं. ती ते बघायचं टाळायची.

ऊन कलल्यावर मुकादम बाळासो आला. त्यानं दारातूनच पाळणे बघितले, मग हुसेनबीच्या ओठांकडं बघितलं. आपल्या ओठाला साय लागलीय का हे बघतोय मेला, असं तिच्या मनात आलं. रोजच्यासारखं त्यानं पातेलं उचललं आणि सगळं दूध बाहेर जाऊन बैलांच्या डोणीत ओतलं. दूध छपरातल्या पोरानंच प्यायचं, बाहेर एक थेंब न्यायचा नाही, असा नियम होता. नेलं की बाप्येच पिऊन टाकतात, असा दुसऱ्या एका कामावरचा अनुभव होता म्हणे. हुसेनबीला वाटायचं, नियमबियम काही नाही, याला आपले बैल पोसायचेत. त्याला वाटायचं, म्हातारी आधीच अर्धं पिऊन उरलेलं दाखवते. दोघंही एकमेकांना पुरेपूर ओळखून असल्यासारखे वागत आणि दोघांचाही अंदाज साफ चुकलेला होता.

"बाजारादिवशी साहेब येणार हाय," बाळासो डोण न्याहाळत म्हणाला. "पाळणं असंच दिसलं तर छप्पर मोडायचं, म्हणून सांगितलंय."

"मी काय बांधून आणू व्हय बायांना?"

"कचेरीत म्हणत्यात, मुसलमानिणीच्या हातचं दूध नको म्हणून आणत न्हाईत."

हुसेनबी नुसती हसली. या पंचक्रोशीत अर्ध्याअधिक पोरांची नाळ तिनं कापली होती. उचगावापासून वडगावापर्यंत कुठल्याही घरात बाळंतिणीच्या खोलीत ती बेलाशक जायची, तिच्या हातचा काढा बायका मुकाट पीत. जात आडवी आली नव्हती. काय आडवं आलं होतं ते कामावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

छप्पर सुरू झालं त्या दिवशीची गोष्ट. बायांना पोरं घेऊन रांगेनं उभं केलं होतं. ओव्हरशियर म्हणून कुठला तरी लांबचा तरुण आला होता, नाकीडोळी नीटस, बोलायला गोड. पाळण्यांचे दोर किती भक्कम आहेत हे बायांना दाखवावं असं त्याच्या मनात आलं. त्यानं हातातल्या छडीच्या टोकानं पहिला पाळणा ढकलला, मग दुसरा, मग तिसरा. सहाही पाळणे रिकामेच करकरत हलू लागले. बायांच्या रांगेतून एक बारीकसा आवाज उठला आणि विरला. सगळ्यांनी आपापली पोरं पदराखाली घेतली. ओव्हरशियर हसतमुखानं घोड्यावर बसून निघून गेला. बिचाऱ्याचा काय दोष? त्याला पूल बांधायला शिकवलं होतं, पाळणा कुणी शिकवला नव्हता.

रिकामा पाळणा हलवू नये. बारशालासुद्धा बाळाच्या आधी वरवंटा निजवतात, त्याला झोका देतात, पाळण्यात काही वाईट वावगं असेल ते दगडाच्या माथी मारतात आणि मग लेकरू ठेवतात. इथं तर सहा पाळणे वाऱ्याला झोके देऊन बसले होते. आता त्यांत जे पोर पहिलं निजेल, ते काही धड उठायचं नाही. अशी भीती बायकांच्या पोटात बसली, आणि पोटात बसलेली भीती दरबारच्या हुकमानं थोडीच उठते.

हुसेनबी पगारी माणूस. तिला हे तोंडानं कबूल करता येत नव्हतं. एखादा वरवंटा आणून तिनं पाळण्यात ठेवला असता, तर पाळणे बाधलेत असं दरबारच्या दाईनंच सांगितल्यासारखं झालं असतं. मग कुठली बाई पोर आणते? म्हणून ती रोज बाभळीखाली जाऊन सांगायची, असलं काही नसतं, पोरींनो, पाळणे चांगले आहेत, दूध ताजं आहे, खुळ्यासारखं करू नका. बाया ऐकून घ्यायच्या. मग एखादी सहज विचारल्यासारखं विचारायची, की चाची, तुझा लाला बरा हाय न्हवं?

मग हुसेनबी पदर सावरून छपराकडं वळायची.

लालासाब तिचा नातू. सून रोशनबी बाळंतपणातनं उठलीच नाही. साऱ्या मुलखाची बाळंतपणं करणाऱ्या बाईच्या घरात हे घडलं, आणि तेव्हापासून हुसेनबीचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता. मुलगा रशीद याच कामावर दगड फोडत होता. म्हणजे लालाचा या दुधावर हक्क होता, अगदी पहिल्या दिवसापासून. पण लाला कुठं होता? शेवटच्या बाभळीच्या झोळीत. चिमणाबाई त्याला नाचणीचं पाणी चाटवायची. शेळ्या आटल्या होत्या, आणि कामावरच्या बायांना स्वतःच्याच पोरांपुरतं दूध येत नव्हतं. पोराचं पोट पुढं आलं होतं, मांड्यांची कातडी लोंबायला लागली होती. आणि त्याची आजी समोरच कोमट दुधाचं पातेलं घेऊन बसायची, ते संध्याकाळी बैल प्यायचे.

ती वाट बघत होती. दुसऱ्या कुणीतरी आपलं पोर आधी ठेवावं. एकदा ते पाळण्यात निजलं, की जे व्हायचं ते त्याचं होईल, मग लालाला आणायचं. असा हिशेब तिनं मनाशी स्वच्छ शब्दांत कधी मांडला नव्हता. पण रोज बाभळीखाली जाऊन ती हाच हिशेब गोड आवाजात बायांना विकत होती, आणि बाया काही दुधखुळ्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत ती बायडाबाईजवळ जाऊन बसली. बायडाबाई लांबच्या एका वाडीची. घर सोडून कामावर राहायला येताना जड पाटा उचलवेना, म्हणून नुसता वरवंटा पदरात बांधून आली होती. खणतीच्या कडेच्या सपाट दगडावर ती मीठ-मिरची रगडायची, आणि तिचं झालं की सगळ्या कामावरच्या बाया तो वरवंटा मागून न्यायच्या. तिची पोर मागच्या झोळीत किरकिरत होती.

"बायडे, अंगावरचं आटलंय न्हवं तुझं?" हुसेनबी हळू आवाजात म्हणाली. "किती दीस रडवशील तिला? तू आणलीस म्हंजे बाकीच्या येतील."

बायडाबाईनं मिरची गोळा केली, पुन्हा रगडली.

"चाची, तुझा लाला का ग तिकडं न्हाय?"

"त्याच्या अंगावर फोड आल्यात. दुसऱ्या पोरांना लागतील."

"व्हय?" बायडाबाई म्हणाली. "सकाळी मीच त्याला पुसला. मला न्हाय दिसलं फोड."

ती रागावली नाही, तिनं टोमणा मारला नाही. तिनं हुसेनबीकडं एकदा नीट बघितलं आणि वरवंट्याला लागलेलं तिखट बोटानं निपटून भाकरीवर घेतलं. हुसेनबी उठली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं भर दुपारी तिला आपण सगळ्यांना दिसतोय असं वाटलं. ती छपरात आली ती संध्याकाळपर्यंत बाहेर पडली नाही.

काम सुटल्यावर रशीद लालाला घेऊन आला. आईशी तो घरच्या बोलीत बोलायचा.

"अम्मा," तो म्हणाला, "आज रोया बी नै उनें."

त्यानं ते कौतुकानं सांगितलं. पोर शहाणं झालं असं त्याला वाटत होतं. न रडणारी पोरं हुसेनबीनं जन्मभर बघितली होती. तिनं लालाच्या टाळूवर हात ठेवला, टाळू खोल गेली होती. उद्याचा दिवस काढला की परवा बाजार, आणि बाजारादिवशी छप्पर मोडणार. तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार काय आणि कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाची हाळी व्हायच्या आधी बायडाबाई छपराच्या दारात उभी राहिली. हातात गाठोडं. लाल कुंची, वरून दुपटं, कडेनं घट्ट खोचलेलं.

"झोपलीय," ती मोठ्यानं म्हणाली. बाभळीखालच्या बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "उठवू नगंस."

तिनं स्वतःच्या हातानं गाठोडं पहिल्या पाळण्यात ठेवलं, कुंचीचा काठ पुढं ओढला, दोराला एक झोका दिला आणि पाटी उचलून मागं न बघता खणतीकडं निघून गेली.

हुसेनबीचा जीव आधी हलका झाला. आलं एकदाचं कुणाचं तरी. पाठोपाठ तिची तिलाच लाज वाटली, इतकी की तिला पाळण्याकडं बघवेना. तिकडं बाभळीखाली कुजबुज झाली. बायडीनं ठेवलं, बायडीचं पहिलं झालं. मग बनाबाई आली, मग तानाबाई आपल्या नणंदेला घेऊन आली, मग झुंबरबाई. चार पोरं चार पाळण्यांत गेली. प्रत्येकीनं आत शिरताना पहिल्या पाळण्यातल्या लाल कुंचीकडं चोरून नजर टाकली, मनातल्या मनात त्या लेकराची माफी मागितली असेल किंवा नसेलही, आणि आपलं पोर ठेवून ती हात जोडून बाहेर पडली.

सहावा पाळणा उरला. हुसेनबीनं लालाला आणायला निरोप धाडायचं मनात आणलं आणि थांबली. दुपारपर्यंत बघू. बायडीच्या पोरीचं काय होतंय ते तर कळू दे. हे मनात आलं आणि तिनं आपल्याच तोंडावर पदर ओढला.

चार पोरं रडली, मुतली, दूध प्यायली. झुंबरबाईचं पोर तर बोंडलं सोडेना. छपराला एकाएकी वास आला, तो ओलसर आंबूस वास. हुसेनबीचे हात आपोआप चालत होते. फक्त पहिल्या पाळण्यातून हूं नाही की चूं नाही. किरकिऱ्या पोरीची आज कूस बदलल्याचीसुद्धा चाहूल नाही. ऊन खांबापर्यंत सरकलं तरी नाही. म्हणजे झालं. जे दुसऱ्याच्या पदरात पडावं म्हणून हुसेनबीनं इतके दिवस वाट बघितली, ते झालं होतं. आता बायडाबाईला काय सांगायचं? ती पाळण्याचा दोर धरून उभी राहिली, डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं आणि कुंची मागं सारली.

आत वरवंटा होता.

काळाभोर, गुळगुळीत, एका टोकाला तिखटाचा लाल डाग. कुंचीचे बंद त्याच्या गळ्याशी नीट बांधलेले.

आधी तिला हसू फुटलं. मग संताप आला. दरबारच्या दाईला फसवते काय, असं पुटपुटून ती दाराकडं वळलीदेखील, आणि तिथंच थबकली. कुणाला सांगणार होती ती, आणि काय? बायडीनं केलं ते तेच होतं, जे तिला स्वतःला करायचं होतं. आपलं झाकून ठेवून दुसऱ्यांची पोरं पुढं घालायची. फरक इतकाच, की बायडीनं निदान दगड तरी आणला होता. आणि त्या दगडाच्या भरवशावर आलेली चार लेकरं दगडाशिवायच पाळण्यांत निजली होती. त्यांच्या आयांना ते माहीत नव्हतं. माहीत होतं ते हुसेनबीला एकटीला.

दारात बाळासोची सावली पडली. त्यानं पाळणे बघितले, डोळे बारीक केले आणि आत येऊन पहिल्या पाळण्याकडं हात केला.

"हे का गप्प?"

"झोपलंय," हुसेनबी म्हणाली. तिनं कुंची केव्हाच पुढं ओढली होती. "उठवू नगा."

तो गेल्यावर तिनं वरवंट्याची कुंची सोडली, घागरीतलं पाणी घेऊन तिखटाचा डाग चोळून धुतला आणि पदरानं पुसून कोरडा केला. मग ती तानाबाईच्या नणंदेच्या पोराजवळ गेली. पोर उचलून खांद्यावर टाकलं, त्याच्या जागी वरवंटा निजवला आणि दोराला झोका दिला. बारशाला बाया म्हणतात ते शब्द तिला पाठ होते. ते तिनं तोंडातल्या तोंडात म्हटले, पुढं आपलं बिस्मिल्ला जोडलं. वरवंटा काढला, पोर ठेवलं. मग तानाबाईचं पोर, मग बनाबाईचं. झुंबरबाईचं पोर झोपेत होतं, ते उचलल्यावर रडलं. त्याला थोपटून गप्प करेपर्यंत तिला घाम फुटला, तरी तिनं त्याचं चुकवलं नाही.

सगळ्यांत शेवटी तिनं सहाव्या पाळण्यात दगड ठेवला. झोका दिला. मग दारात येऊन चिमणाबाईला हाक मारली, आणि म्हातारी लालाला घेऊन आली.

लालाला बोंडलं ओढायची ताकद नव्हती. हुसेनबीनं करंगळी दुधात बुडवून त्याच्या ओठांना लावली. पुन्हा लावली. बऱ्याच वेळानं ओठ हलले. मग तिनं बोंडल्याचं टोक त्याच्या गालात सोडलं आणि थेंबाथेंबानं दूध आत जाताना ती त्याच्या गळ्याकडं बघत राहिली.

जेवणाची सुटी झाली तशी बायडाबाई आली. बाहेर बाया वरवंटा मागत असणार. तिनं पहिला पाळणा मोकळा बघितला आणि तिचा चेहरा उतरला. मग तिला सहाव्या पाळण्याच्या पायथ्याशी धुतलेला, लख्ख वरवंटा दिसला, आणि हुसेनबीच्या मांडीवर लाला दिसला. चार पाळण्यांवरून तिची नजर सावकाश फिरली.

"सगळ्यांत फिरवलास?"

"व्हय."

"ह्याच्या आधी?"

हुसेनबीनं मान डोलावली. लालाच्या तोंडातून बाजूला आलेला दुधाचा ओघळ तिनं बोटानं पुन्हा आत सारला.

बायडाबाई खाली बसली आणि वरवंटा उचलून तिनं मांडीवर घेतला.

"चाची, त्या बायांना सांगशील?"

"काय सांगू? झोपलीवती म्हणून सांगीन." हुसेनबीनं पहिल्या पाळण्याकडं बोट केलं. "पयल्या पाळण्यात सकाळधरनं दगडच निजलाय. त्याच्याएवढा चांगला पाळणा ह्या छपरात दुसरा न्हाय. तो मी तुझ्या पोरीला ठेवलाय."

बायडाबाई उठली. वरवंटा पदराखाली झाकून ती बाहेर गेली, आणि थोड्या वेळानं आली तेव्हा पदराखाली तिची पोर होती, सकाळपासून खणतीपलीकडं आडोशाला लपवलेली, रडून रडून घसा बसलेली. तिनं ती पहिल्या पाळण्यात ठेवली. झोका द्यायला मात्र तिनं दोर हुसेनबीच्या हातात दिला.

ऊन कलल्यावर बाळासो आला. आज पाळण्यांकडं न बघता त्यानं सरळ पातेलं उचललं आणि बाहेर डोणीवर जाऊन उपडं केलं. काही पडलं नाही. त्यानं पातेलं हलवलं, आत हात घालून बघितला. बैलांनी डोणीत तोंडं घातली आणि वर काढली. बाळासो तसाच रिकामं पातेलं घेऊन दारात आला आणि कितीतरी वेळ हुसेनबीच्या ओठांकडं संशयानं बघत उभा राहिला.